निवांतराव आखाड्यात उतरत नाहीत

एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मी माझ्या वडिलांची होडी हरलो. होडी खरी नव्हती. वडील मात्र खरे होते.

सांगतो. आमचे अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं होते, आणि त्यातली वीस वर्षं युनियनचे सेक्रेटरी. गेटसभेत ते बोलायला उभे राहिले की रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा हात वर करून ठराव मंजूर करायचे! मॅनेजमेंटशी वाटाघाटीला बसले की साहेब लोक आळीपाळीने बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून यायचे. अण्णा जागचे हलायचे नाहीत. घरचा गॅस सिलिंडर उशिरा आला तर ते त्या बिचाऱ्या पोचवणाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यायचे. (असे चार खुलासे आजही आमच्या फायलीत आहेत.) थोडक्यात, भांडणाच्या क्षेत्रात माझ्या वडिलांचं मोठं नाव होतं.

रिटायर झाल्यावर अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि संत तुकाराम नगरच्या आमच्या घरात ते दीड महिना पलंगावर पडून राहिले. भांडायला कोणी मिळेना, तेव्हा ते पंख्याशी भांडायला लागले. अशात त्यांचे जुने दोस्त सलीमभाई भेटायला आले. सलीमभाईंचं कासारवाडीला गॅरेज आहे. त्यांनी अण्णांच्या टॅबमध्ये एक ऑनलाइन गेम टाकून दिला.

"गिऱ्हाईक नसलं की मीपण खेळतो," सलीमभाई म्हणाले. "अख्खा मुल्क आहे तिथं, अण्णा. समुंदर आहे, डोंगर आहेत, राक्षस आहेत. हजारो माणसं एकाच वेळी येतात. आपलं एक पात्र घ्यायचं आणि वाटेल ते करायचं."

अण्णांनी पात्राचं नाव ठेवलं 'निवांतराव' आणि समुद्राकाठी मासे धरायला सुरुवात केली. गुडघा बरा झाला, अण्णा चालायला लागले, पण निवांतराव काही उठले नाहीत! मासे धरायचे, कालवण करायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला वाढायचं. एखादा राक्षस गावात घुसलाच तर चार जणांबरोबर जाऊन त्याला चोपायचं आणि परत येऊन गळ टाकायचा. आठ महिने खपून, फळीला फळी जोडून, अण्णांनी तिथं स्वतःची होडी बांधली. तिचं नाव 'हक्काची रजा'. होडी पाण्यात सोडली त्या दिवशी आईने खरा शिरा केला होता.

त्या गेममध्ये एक आखाडाही होता. तिथं राक्षसाशी नाही, माणसाने माणसाशी लढायचं. म्हणजे समोरचं पात्रही कुठल्या तरी घरात बसलेला कोणी तरी माणूसच चालवत असतो. याला पीव्हीपी म्हणतात. अण्णा तिकडे फिरकतसुद्धा नसत. "ते आपलं काम न्हाई," एवढंच म्हणत.

मी हे सगळं मोठ्या कौतुकाने कंपनीच्या बसमध्ये सांगितलं, आणि तिथेच माशी शिंकली. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्या शेजारी प्लॅनिंगचा निनाद बसतो.

"अरे, तोच गेम मी खेळतो!" निनाद ताठ बसला. "आमची टोळी आखाड्यात एक नंबर आहे. मी यमदूत. तुझे वडील कोण?"

"निवांतराव."

निनाद एवढा हसला की ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "तो कालवणवाला? भावा, त्याला आम्ही किती वेळा आखाड्यात बोलावलं! येतच नाही. फट्टू आहे राव!"

माझे वडील? फट्टू? एरवी चाकण चौकात बस अडकली की मी छान झोपतो. त्या दिवशी बस पाऊण तास अडकली आणि तो पाऊण तास माझं डोकं तापत राहिलं. (रस्ता मोकळा असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, एवढं मी जबाबदारीने सांगतो.) बसमधून उतरता उतरता मी बोलून गेलो, "रविवारी दुपारी तीन वाजता. निवांतराव येतील आखाड्यात!"

"पैजेवर काहीतरी लावावं लागतं तिथं," निनाद म्हणाला. "होडी लावणार?"

"लावणार!" होडी माझी नसल्यामुळे माझ्या आवाजात भलताच दम होता.

रविवारी अण्णा आणि आई पिंपळे गुरवला एका साखरपुड्याला गेले. टॅब घरी होता. पासवर्ड अण्णांनी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला होता, कारण घरातल्यांवर त्यांचा विश्वास होता. मी निवांतरावांना होडीतून उतरवलं आणि आखाड्यात नेऊन उभं केलं. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात मासे साफ करायची सुरी! समोर यमदूत: दोन मजली उंच, अंगभर लोखंड, आणि तलवार आमच्या जिन्याच्या कठड्याएवढी. भोवती शे-दीडशे प्रेक्षक. "होडी पैजेवर लावायला कबूल?" असा प्रश्न पडद्यावर आला. मी 'कबूल' दाबलं.

घंटा वाजली. मी जोर लावून 'मार'चं बटण दाबलं. ते 'मार'चं नव्हतं! निवांतरावांनी शांतपणे मांडी घातली आणि आखाड्याच्या वाळूत गळ टाकला. प्रेक्षक लोटपोट. मी घाईघाईत दुसरं बटण दाबलं, तर त्यांनी चूल पेटवली. तिसरं दाबलं, तर ते यमदूताला विचारू लागले, "जेवून जाणार का?" यमदूताने जेवणाची वाट पाहिली नाही. एका घावात निवांतराव आडवे झाले, आणि पडद्यावर अक्षरं आली: 'हक्काची रजा' आता यमदूताच्या मालकीची.

अण्णा संध्याकाळी आले. चपला काढल्या, टॅब घेतला, चष्मा लावला. मी स्वयंपाकघरात आईला नको असलेली कोथिंबीर निवडत होतो.

"पश्या, होडी कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता गेटसभेतला आवाज लागणार. पण अण्णा हळू आवाजात म्हणाले, "सही कुणी केली?"

"मी. तुमच्या नावानं."

"म्हंजी मेंबराला न इचारता सेटलमेंट केलीस." ते टॅबकडे बघत राहिले. आठ महिन्यांची होडी. त्यांचा चेहरा पाहून मला खरंच रडू आलं.

"अण्णा, मी परत लढतो ना! शिकून लढतो. त्याला असा धुतो..."

"न्हाई."

"पण तुम्ही का लढत नाही? तुम्ही तर आयुष्यभर..."

"म्हणून तर न्हाई!" अण्णांनी चष्मा काढला. "बत्तीस वर्षं मानसांशीच भांडलो न्हवं? जिंकलो की पोरं खांद्यावर घ्यायची. पर समोरचा साहेब त्या दिवशी घरी जाऊन जेवला न्हाई, हे मला कळायचं. त्याचा ड्रायव्हर आपलाच मेंबर हुता. राक्षसाचं तसं न्हाई. त्याला हाणला तर दुसऱ्या दिवशी परत हजर! त्याच्यासाठी घरी ताट वाढून कुणी बसत न्हाई."

एवढा मोठा माणूस आपला बाप आहे, आणि तो भित्रा ठरू नये म्हणून आपण लढायला निघालो होतो! लाजेने मेल्यासारखं झालं. अण्णांनी मात्र ते फार वेळ चालू दिलं नाही. "स्वतःचं पात्र काढ," ते म्हणाले. "उद्यापास्नं कामावर यायचं. मासे साफ कर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेममधल्या धक्क्यावर गेटसभा भरली. सगळे मासेवाले, स्वयंपाकी, जडीबुटी विकणारे, जखमा बांधणारे जमले. निवांतराव एका पिंपावर उभे. अण्णा एका बोटाने टाइप करतात, त्यामुळे दहा ओळींच्या भाषणाला चाळीस मिनिटं लागली, पण एकही माणूस हलला नाही! मग एकेक जण बोलायला लागला. कोणी म्हणालं, महिनाभर जमवलेलं आखाड्यात दोन मिनिटांत जातं. तीन पाळ्यांत काम करणारी एक नर्स म्हणाली, मी इथं श्वास घ्यायला येते, माझ्याकडे तेवढाच वेळ असतो. एक जण म्हणाला, आमच्याकडे नेटच अडकतं, मेल्याचं मला पाच मिनिटांनी कळतं. सलीमभाईंनी लिहिलं, "दिनभर गॅरेजमध्ये लोक गाडीवरून मला बोलतात. शामको अजून मार खायला कशाला जाऊ?" आणि जवळपास प्रत्येकाने सांगितलं की तिथली पोरं नुसती जिंकत नाहीत, वर शिव्या देतात. सोपं असतं म्हणून आखाडा सोडून धक्क्यावर येतात आणि नव्यानेच आलेल्यांनाही मारून जातात.

अण्णांनी दोन मागण्या लिहिल्या. होडी परत द्या, आणि धक्क्यावर नवख्यांना मारू नका. मग तिसरी ओळ आली: "उद्यापास्नं काम बंद."

मला आधी कळेना, गेममध्ये काम बंद म्हणजे काय. पण त्या गेममध्ये पात्रांना भूक लागते! कालवण खाल्लं नाही तर ताकद उतरते, जडीबुटी नसेल तर जखम भरत नाही. आणि आखाड्यातल्या एकाही वीराला साधा कांदा चिरता येत नव्हता. इतके महिने ते निवांतरावांसारख्यांच्याच चुलीवर जगत होते, फक्त हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आखाड्यातले हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मासे धरायचा प्रयत्न केला. यमदूताच्या गळाला एक बूट लागला. तिसऱ्या दिवशी निनाद बसमध्ये माझ्या कानाशी लागला.

"भावा, काहीतरी कर ना. यमदूत रांगतोय रे! तलवार उचलत नाही त्याच्याच्याने."

"मागण्या मान्य करा," मी कडक आवाजात म्हणालो.

"टोळीतले बाकीचे ऐकत नाहीत. तीनच मासे दे राव. कोणाला कळणार नाही."

माझा स्वभाव फार मऊ आहे. (आईच्या मते तो स्वभाव नाही, कणाच मऊ आहे.) संध्याकाळी मी धक्क्यामागे जाऊन यमदूताच्या हातात गुपचूप तीन मासे ठेवले. वळून बघतो तर सलीमभाईंचं पात्र! पाच मिनिटांत अण्णांना फोन आला, आणि आमच्या हॉलमधून त्या दिवशी मी खरा गेटसभेतला आवाज ऐकला.

"संप चालू असताना फितुरी! अन् कुनी? सेक्रेटरीच्या पोरानं!"

"अण्णा, तीनच होते..."

"एक असता तरी फितुरीच!"

आई ताटं वाढत होती. माझ्या ताटाशी येऊन ती थांबली आणि भाकरी हातात धरून तिने अण्णांकडे पाहिलं. "ह्याला वाढायचं का काम बंद?"

अण्णांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "वाढ. पर कालवण नगं." मी भाकरी मिठाशी खाल्ली. बाजूला अण्णा बोटं चाटत होते.

चौथ्या दिवशी आखाडा नमला. यमदूत होडी घेऊन धक्क्यावर आला; खरं तर होडीनेच त्याला आणलं, कारण त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. मागे त्याची सगळी टोळी माना खाली घालून. सलीमभाई आमच्या हॉलमध्ये, अण्णांच्या शेजारी बसून खेळत होते. ते खुशीत ओरडले, "अण्णा, मौका आहे! आत्ताच सही घ्या!"

अण्णांनी सही मागितली नाही. निवांतरावांनी चूल पेटवली. कालवण केलं. यमदूतापुढे आणि टोळीतल्या एकेकापुढे वाडगं ठेवलं.

"आधी जेवा," अण्णांनी एका बोटाने लिहिलं. "मंग बोलू."

"अरे अण्णा, हे काय करताय! भूके आहेत तवरच सही घ्यायची ना!"

"उपाशी मानसाची सही टिकत न्हाई, सलीम."

मी मागे उभा होतो. वीस वर्षं या माणसाच्या शब्दावर हजारो लोक का थांबत होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. माझी छाती भरून आली. ती लगेच रिकामीही झाली, कारण पुढे करारनामा लिहिला गेला. कलम एक, होडी परत. कलम दोन, धक्क्यावर कोणीही नवख्याला हात लावणार नाही. कलम तीन, प्रशांत यास कोणत्याही बाजूने लढू देऊ नये. तिसरं कलम यमदूताने सुचवलं आणि निवांतरावांनी अनुमोदन दिलं. चर्चेशिवाय मंजूर झालेलं ते एकमेव कलम!

निनाद आता आखाड्यात कमी आणि धक्क्यावर जास्त असतो. म्हणतो, "एक नंबर टिकवायला रोज मान मोडेपर्यंत लढायचं, आणि तिथं कोणी साधं 'जेवलास का' विचारत नाही रे." मीही कामावर नियमित जातो, मासे साफ करतो. सात महिने झाले. ज्या माणसाने शेकडो टेम्पररी कामगारांना भांडून कायम करून घेतलं, त्याने स्वतःच्या मुलाला अजून प्रोबेशनवर ठेवलंय! परवा मी धीर करून विषय काढला.

"अण्णा, मला कायम कधी करणार?"

"माझ्या हातात न्हाई. रीतसर धक्क्याच्या युनियनकडं अर्ज कर."

"युनियनचे सेक्रेटरी तुम्हीच ना?"

"मी सोडलं. गेल्या म्हयन्यात इलेक्शन झालं. यमदूत बिनविरोध आला."

दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मी निनादला देतो. डब्यातली थालिपीठंही त्यालाच देतो. "बघू, राव," म्हणालाय.