स्वागत समितीतलं खोडलेलं नाव

आमच्या कॉलेजात चर्चासत्र ठरलं की पुरुषांच्या वाट्याला मंडप, माइक, गाड्या आणि भाषणं यायची. बायकांच्या वाट्याला औक्षण. मी इतिहासात एम.फिल. केलेली, रोज दौंडहून एसटीचे धक्के खात शिरूरला शिकवायला येणारी बाई. पण पाहुणा फाटकातून आत आला की काठापदराची साडी नेसून, हातात तबक घेऊन मीच उभी. बायकांनी ओवाळलं की पाहुण्याला बरं वाटतं, असं सगळ्यांचं मत होतं. बायकांना काय वाटतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. इनामगाव आमच्यापासून जवळ. घोड नदीच्या काठी तिथं एका टेकाडात तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उकरून निघालेली. त्या वस्तीविषयी कॉलेजात दोन दिवसांचं राज्यस्तरीय चर्चासत्र घ्यायचं ठरलं आणि मुख्य पाहुणे म्हणून शहरातले एक मोठे तज्ज्ञ येणार असं कळलं. ते नाव माझ्या ओळखीचं होतं. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या चर्चासत्रात ह्याच माणसाला मी कुंकू लावलं होतं. त्यानं माझं मनगट धरलं, ते आरती संपून टाळ्या थांबल्या तरी सोडलं नव्हतं. नंतर जेवणाच्या रांगेत त्याचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला. मी घरी येऊन नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

आम्हा बायकांची आपसातली एक संरक्षण व्यवस्था होती. जीपमध्ये आपल्यात आणि साहेबांच्यात पर्स ठेवायची. फाइल छातीशी धरायची. जेवायला एकटीनं जायचं नाही. कोणता साहेब कसा आहे, हे आम्ही एकमेकींना बाथरूमपाशी हळू आवाजात सांगायचो. जणू चोर आम्हीच!

स्वागत समितीची यादी मीच करत असे. मुख्य पाहुण्याच्या औक्षणापुढे सवयीनं मी माझं नाव लिहिलं. मग ते खोडलं आणि शेजारी आमच्या विभागातल्या नव्या मुलीचं नाव घातलं. यादी नोटीस बोर्डावर लावली आणि वर्गावर निघून गेले. तिला मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, आणि मग पुन्हा मीच उभी राहिले असते. एवढा साधा, एवढा घाणेरडा हिशोब होता तो.

ती मांडवगण फराट्याची, शेतकऱ्याच्या घरातली पहिलीच इतकी शिकलेली मुलगी. तासिका तत्त्वावर होती, म्हणजे आज आहे आणि उद्या नाही. उन्हाळ्याची सगळी सुट्टी घालवून तिनं इनामगावच्या आसपासच्या वस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांना त्या टेकाडाबद्दल विचारलं होतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी मेंढरामागं हिंडून आता शेतीत स्थिरावलेल्या घरांतल्या. त्यातून तिनं तिचा पहिला पेपर लिहिला. निमंत्रणपत्रिकेत, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, तिचं नाव छापलं होतं. तो पेपर गाजला असता तर कायमच्या जागेसाठी तिचं नाव पुढं गेलं असतं.

पहिल्या दिवशी तिनं ओवाळलं. पाहुण्यानं मनगट धरलंच, वर म्हणाला, असं स्वागत असेल तर मी दर महिन्याला येईन. सगळे हसले. मीही हसले, हे लिहिताना आजही माझा मला राग येतो. दुपारी सगळे टेकाडावर गेले. खापरं दाखवायच्या निमित्तानं तो तिला बाजूला घेऊन गेला. परत आल्यावर स्टाफरूममध्ये तिनं मला सांगितलं, की त्यानं कमरेत हात घातला आणि म्हणाला, संध्याकाळी पेपर घेऊन विश्रामगृहावर या, दुरुस्त करून देतो. ती रडत नव्हती. पदराला लागलेली टेकाडाची पांढरी माती झटकत होती, आणि माती निघून गेली तरी झटकतच होती.

मी तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते, म्हणून जास्त संताप येतो. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. मोठी बागायती, तालुक्यात शब्दाला वजन. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचे डोळे लाल झाले. मला वाटलं, आता हा पाहुणा संध्याकाळच्या एसटीनं रवाना होतो.

आप्पा म्हणाले, "लेकीबाळींच्या अंगाला हात लागल्यालं मला खपायचं न्हाई. उद्या एक बी बाई त्या माणसाच्या म्होरं येणार न्हाई. पेपर कुणीतरी मास्तर वाचंल. आन् हे ह्या खोलीच्या भाईर जाता कामा न्हाई."

आणि त्यांना खरंच वाटत होतं, की आपण आमचं रक्षण केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. पाहुण्याचा मान तसाच राहिला, विश्रामगृहावरचं जेवण तसंच राहिलं. हललो फक्त आम्ही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या बायका हॉलच्या मागच्या खोलीत बसून प्रमाणपत्रं पाकिटांत भरत होतो. पाहुण्याला शाल-श्रीफळ ह्या वेळी पुरुषांनी दिलं. अकरा वाजता वाणिज्य विभागातल्या एका सरांनी तिचा पेपर वाचायला घेतला. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. म्हाताऱ्यांची बोली त्यांना वाचताना जड जात होती, म्हणून त्यांनी ती पानं गाळली. तिनं भरत असलेलं पाकीट खाली ठेवलं. त्या वस्तीत मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडत, बहुधा मेल्यावर त्यानं उठून फिरू नये म्हणून, हा भाग आला तेव्हा मी माझ्या पायांकडं पाहिलं. आमचे पाय शाबूत होते आणि तरी आम्ही त्या खोलीतून बाहेर पडत नव्हतो.

पेपर संपल्यावर पाहुण्यानं त्याची तोंडभर स्तुती केली. ज्यानं वाचला त्या सरांची.

मी पाण्याला म्हणून बाहेर आले तर व्हरांड्यात तिचे वडील उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात चार घड्या घातलेली निमंत्रणपत्रिका. लेकीचं भाषण ऐकायला सकाळच्या गाडीनं आले होते आणि मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकून बाहेर पडले होते.

"मॅडम, ह्यात आमच्या पोरीचं नाव छापलंय न्हवं?" त्यांनी पत्रिका उलगडून माझ्यापुढं धरली. "मग ती कुठं हाय?"

मी त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. ते दाराशी थांबले, पाकिटांच्या ढिगाकडं पाहिलं आणि लेकीला म्हणाले, "चल घरी." ती गेली. पुढच्या वर्षी तिनं तासिकेचा अर्जच केला नाही. दुसऱ्या जिल्ह्यात कुठल्याशा शाळेत लागल्याचं नंतर कानावर आलं.

सहा-सात वर्षं गेली. मी विभागप्रमुख झाले. वरून आदेश आला म्हणून कॉलेजात महिला तक्रार समिती झाली, प्राचार्यांच्या केबिनबाहेर पाटी लागली आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव पडलं. पाटी रंगवून काय होतं, हे मी ओळखून होते. त्याच वर्षी पुन्हा इनामगाववर चर्चासत्र ठरलं आणि पाहुण्यांच्या यादीत पहिलं नाव त्याचंच. मी बैठकीत सगळ्यांसमोर पेन काढून ते खोडलं.

आप्पा आता थकले होते. कारण तर सांगा बाई, म्हणाले.

"ह्या माणसानं माझा हात धरला होता, आप्पा. त्या मुलीच्या आधी. मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून तिच्यावर पाळी आली."

कुणीतरी विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत? मी म्हटलं, बोलली त्या मुलीचं आपण काय केलं, ते आठवा. मग मी माझ्या अटी वाचल्या. औक्षण बंद. पेपर ज्याचा त्यानंच वाचायचा. पाहुणा चुकला तर पाहुणाच घरी जाईल, बाई नाही. आणि हे सगळं प्रत्येक निमंत्रणाच्या पत्रात छापायचं. आप्पा कुरकुरले, की असलं छापलं तर लोकांना वाटंल, आपल्याकडं असलं घडतं. घडतं म्हणूनच छापायचं, मी म्हटलं. त्यांनी कागद पुढं ओढला आणि सही केली.

त्याच संध्याकाळी मी तिच्या वडिलांकडून पत्ता मिळवून तिला पत्र लिहिलं. पेपर वाचायला ये, तो तू स्वतःच वाचायचा. आणि खाली, इतकी वर्षं न सांगितलेलं, तेही लिहिलं: औक्षणाच्या त्या यादीत आधी माझं नाव होतं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. येते म्हणून लिहिलं होतं. गाळलेली पानं आधी वाचणार, असंही. आणि शेवटी:

"मॅडम, तुमचं खोडलेलं नाव मला बोर्डावर त्याच दिवशी दिसलं होतं. का खोडलं, ते टेकाडावर कळलं. तुम्ही कधी सांगताय, याचीच वाट बघत होते."