आर्मेनियाची लेस आणि जाळ्याची गाठ

ती घटना आठवली की आजही मला आधी धानाची कोठी दिसते, चोरी नंतर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी साकोली तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. ठाण्यात बाई मी एकटीच, त्यामुळे बायकांच्या झडत्या, जबाब, भांडणं सगळं माझ्याच टेबलावर येई.

वर्षभरापूर्वी कोशाचं, म्हणजे आमच्याकडच्या टसर रेशमाचं, विणकाम पाहायला आर्मेनियातून चार कारागीर बायका जिल्ह्यात आल्या होत्या. सानगडीकडच्या एका महिला मंडळात त्यांचा सत्कार झाला. जाताना त्यांनी आपल्या देशातल्या हातच्या वस्तू भेट दिल्या. लोकरीचा विणलेला पट्टा, डाळिंबाचं पदक असलेली चांदीची साखळी आणि सुईने केलेली ताटलीएवढी गोल लेस. सगळं मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवलं गेलं. पुढे भंडाऱ्यात प्रदर्शन ठरलं, कलेक्टर कचेरीने त्या वस्तू मागवल्या आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या सेक्रेटरीबाई फिर्याद घेऊन आल्या. साखळी आणि लेस चोरीला गेली. संशय झाडलोट करणाऱ्या बाईवर, कारण किल्ली तिच्याकडे.

ही बाई ढिवराच्या घरची. नवरा तलावात मासे धरायचा, ती जाळी विणायची. चोर ठरली असती तर मंडळाचं काम गेलंच असतं, गावात दुसऱ्या कोणी दारातही उभं केलं नसतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली. ‘लेस तिच्या धानाच्या कोठीत आहे.’ पंच घेऊन गेलो. कोठीत हात घातला तर लेस वरच्यावरच सापडली. मला तिथेच खटकलं. लपवणारा माणूस वस्तू खोल सारतो, टाकून पळणारा वरच ठेवतो. पण खटकणं पंचनाम्यात लिहिता येत नाही.

सेक्रेटरीबाईंना वस्तू ओळखायला बोलावलं. ‘हीच ती,’ त्या लगेच म्हणाल्या. मी झाडलोटवालीला विचारलं, ‘साखळी कुठे आहे?’

‘मले काय मालूम, बाई? अन् हे बी ते नाही.’

‘काय ते नाही?’

‘पाहुणीचं. तिनं सुईनं गाठी मारल्या होत्या, आमच्या जाळ्यावानी. याच्यात गाठच नाही.’

सेक्रेटरीबाई हसल्या. ‘आता झाडूवालीला लेस समजते म्हणे!’

‘तुमी हार घालून फोटू काढत होत्या, तवा पाहुणी माह्यासंगं पायरीवर बसली होती,’ ती म्हणाली. ‘मी जाळं सांधून राहिली होती. तिनं पाहिलं, हसली, अन् आपली सुई काढली. बोली ना तिले समजे, ना मले. गाठ समजली. कैची द्या, दाखवते.’

मुद्देमालाला कात्री लावायची नसते. मी सुई आणि दोरा मागवला.

‘बाईसाहेब, ठाण्यात शिवणाचा क्लास काढला का?’ हवालदार म्हणाले.

‘काढला. बसा, शिका.’

अर्ध्या तासात तिने रुपयाएवढी लेस केली, मधला एक दोरा कापला आणि चारी बाजूंनी ओढली. भोक तेवढंच राहिलं. मासा जाळ्याचं एक घर फाडतो आणि बाकीचं जाळं शाबूत राहतं, तसं. मग मी भिंग लावून मुद्देमाल पाहिला. गाठ एकही नाही, नुसते एकात एक अडकवलेले साखळीटाके, एक दोरा कापला की उसवत जाणारे. क्रोशाचं काम!

म्हणजे कोणीतरी नक्कल करून कोठीत टाकली होती, आणि झाडूवालीला फरक कळणार नाही अशी त्या माणसाची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी जबाबावर सही घ्यायला सेक्रेटरीबाईंच्या घरी गेले. चहा आला. रेडिओवर, माठावर, टीपॉयवर क्रोशाचे रुमाल होते. प्रत्येक रुमालात फेरी संपताना एक टाका सुटलेला. मुद्देमालातही तसाच, त्याच जागी. मी रेडिओवरचा रुमाल उचलला.

‘हा टाका तुमचाच ना?’

‘टाका कोणाचाही सुटतो.’

‘मग पंचांना बोलावते. घरातले सगळे रुमाल मांडू आणि पाहू.’

बाईंनी कप खाली ठेवला. ‘पोरीच्या रुखवतात मांडली हो ती लेस.’

मुलीच्या हाताला कला आहे, असं त्या सोयऱ्यांना सांगून बसल्या होत्या. मुलीला सुईत दोरा घालायचाही कंटाळा. म्हणून पाहुणीची लेस मुलीच्या हातची म्हणून रुखवतात मांडली, साखळी तिला घातली आणि कपाटात स्वतः केलेली नक्कल ठेवली. काचेआडून कोणाला कळलं नाही. साखळीची डबी बंदच असायची. प्रदर्शनाचं पत्र आलं तेव्हा मात्र चोरी दाखवणं भाग पडलं. कपाटातली नक्कल कोठीत टाकून चिठ्ठीही त्यांनीच पाठवली होती.

लाखनीला मुलीच्या सासरी गेलो तर लेस बैठकीत फ्रेम करून लावलेली. ‘आमच्या सूनबाईच्या हातची,’ सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. पंचाला हसू आवरेना. साखळीही तिथेच मिळाली. सेक्रेटरीबाईंवर आरोपपत्र गेलं आणि शिक्षाही झाली.

भंडाऱ्याच्या प्रदर्शनात त्या लेसशेजारी ढिवराची ती बाई बसली होती, हातात सुई घेऊन. भोवती बायकांची ही गर्दी. बंदोबस्ताला आमचे हवालदार होते. ‘सरका, सरका, क्लास चालू आहे,’ असं ओरडत ते स्वतःच वाकून पाहत होते.

संशयित समोर आला की तो कुठे होता, हे आम्हाला आधी विचारायला शिकवतात. त्या दिवसापासून मी त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारू लागले, ‘तुला काय काय करता येतं?’ नोकरी संपेपर्यंत तो सोडला नाही. तिने ठाण्यात केलेली रुपयाएवढी लेस मात्र मुद्देमालात जमा नव्हती. ती तिने मला दिली. अजून आहे, आणि मधल्या त्या भोकापुढे एकही टाका सुटलेला नाही.