फाटकावरचे एकनाथराव

आमच्या बिल्डिंगमध्ये फ्यूज उडाला तरी लोक एकनाथरावांना विचारतात. कारण काय, तर ते रेल्वेतून रिटायर झालेत. रेल्वेचा आणि फ्यूजचा संबंध कुणी विचारत नाही, आणि तेही 'बघतो' म्हणतात. ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. कचरा टाकायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालूनच खाली येतात.

तारनाक्याला आमच्या समोरच्या पट्ट्यावरून पूर्वी रेल्वेचा एक फाटा तेलाच्या गिरणीपर्यंत जायचा. निजामाच्या काळातला. रूळ उखडून कितीतरी वर्षं झाली. तिथे पार्क आणि सायकल ट्रॅक झाला, तेव्हा उद्घाटनाला फाट्याचा इतिहास सांगायला मी एकनाथरावांचं नाव सुचवलं. मी पार्क कमिटीत आहे आणि नसत्या उठाठेवींची मला हौस आहे.

आधी ते नको नको म्हणाले. मग एकदा सुरू झाले ते थांबेचनात. भुईमुगाच्या वॅगनी वळणावर हळू व्हायच्या, तेव्हा पोरं फटींतून शेंगा ओढायची. पावसात इंजिन चढावर घसरायचं, मग रुळांवर वाळू टाकायला लागायची. गिरणीतल्या पेंडीचा वास थेट चुलीपर्यंत यायचा.

"कुणाच्या चुलीपर्यंत?" मी विचारलं.

"फायलींत होतं तसं," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

अशी खमंग फाईल मला उभ्या नोकरीत मिळाली नाही. 

खरी हकीकत त्यांनी मला उद्घाटनानंतर सांगितली, खाली मान घालून. परभणीकडच्या शेतकरी घरातला हा मुलगा रेल्वेत लागला तो ह्याच फाट्यावर, फाटकवाला म्हणून. गावी वडिलांचा तोरा मोठा. मुलगा फाटक उघडतो आणि लावतो हे कळू नये म्हणून 'ऑफिसात आहे' अशी थाप मारली. फाटकाशेजारी दोन खोल्या होत्या. एकीत एकनाथराव आणि सरोजवहिनी, दुसरीत पाळीतला जोडीदार सायन्ना आणि त्याची बायको भाग्यलक्ष्मी. सुमित जन्मला आणि वहिनी तापाने फणफणल्या, दूध आटलं. भाग्यलक्ष्मीच्या मांडीवर तेव्हा तिची स्वतःची तान्ही मुलगी होती. तिने दोन्ही लेकरं पाजली. दोन-चार दिवस नव्हे, वहिनी धड उभ्या राहीपर्यंत.

पुढे खात्याची परीक्षा देऊन एकनाथराव क्लार्क झाले आणि थाप खरी झाली. मग त्याआधीचं फाटक त्यांनी पुसून टाकलं, आणि त्याबरोबर शेजारची खोलीही. सरोजवहिनी असेपर्यंत कधीमधी भाग्यलक्ष्मीचा विषय काढायच्या. की एकनाथराव जेवणाचं ताट अर्धं टाकून उठायचे.

उद्घाटनाच्या सकाळी सुमित शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून मुद्दाम आला. आम्ही एकनाथरावांच्या खांद्यावर शाल घातली, सुमितने फोटो काढले. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी वाट काढत आली आणि सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"एकनाथ अण्णा! पैचाने क्या? मैं भाग्यलक्ष्मी. सायन्ना की... गेट पे..."

एकनाथरावांनी आधी सुमितकडे पाहिलं, मग आम्हा कमिटीवाल्यांकडे. "माफ कीजिए," ते म्हणाले, "कौन आप?"

म्हातारीने शाल पाहिली. सुमितकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग ती माझ्याकडे वळली.

"नै अम्मा, मेरेकुच धोका हुआ, मैंच गलत पैचानी. वो गेटवाले थे. ये साब हैं."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं एकनाथराव नंतर म्हणाले. तिने टोमणा मारला नाही. तिने त्यांना सांभाळून घेतलं आणि कडेच्या बाकावर जाऊन बसली.

भाषण छान झालं. शेंगा, वाळू, पेंडीचा वास, सगळं आलं, सगळं फायलींतून. टाळ्या पडल्या. मग मुलांच्या सायकली सुटल्या. स्टेज बरोब्बर जुन्या फाटकाच्या जागी बांधलं होतं, आणि समोरून घंट्या वाजवत पहिली सायकल गेली तेव्हा एकनाथरावांचा उजवा हात वर आला. खांद्याच्या रेषेत, ताठ. शाल घसरून खाली पडली.

फाटकवाल्याची ही रीत. गाडी जाताना हिरवं निशाण धरून उभं राहायचं. शेवटच्या डब्यातला गार्ड आपलं निशाण दाखवतो, म्हणजे गाडी शाबूत गेली. त्याचं उत्तर येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. आम्हाला ह्यातलं काय ठाऊक! आम्हाला वाटलं, म्हातारबुवा मुलांना आशीर्वाद देतायत. मग वाटलं, त्यांना काहीतरी होतंय. सायकली संपल्या, मागे राहिलेली एक चिमुरडी जोडचाकांची सायकल रेटत होती, तीही गेली, तरी हात वरच. सुमित "बाबा, पुरे ना, हात खाली घ्या," म्हणत त्यांचा दंड ओढत होता.

तेव्हा कडेच्या बाकावरून भाग्यलक्ष्मी उठली. तिने पदर धरलेला हात तसाच ताठ बाहेर काढला आणि धरून ठेवला. नवरा पाळीला असताना तिने ते हजारदा पाहिलं असणार.

एकनाथरावांचा हात खाली आला. ते स्टेजवरून उतरले, पडलेल्या शालीवर पाय देऊन, आणि बाकापाशी जाऊन उभे राहिले. बसायचं धाडस झालं नाही. आम्ही मागोमाग गेलो.

"साब, जाव ना," ती हळूच म्हणाली. "लोगां देख रैं."

"बाबा, ह्या कोण?" सुमितने विचारलं. त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मी इथे फाटकावर होतो," एकनाथराव म्हणाले. "आणि हिच्या दुधावर तू जगलायस. मघाशी मी हिला ओळखलं होतं."

सुमित रागावला असावा. पण आधी तो तिच्या पायांशी वाकला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसत म्हणाली, "कित्ता रोता था रे तू!" मग पदराने डोळे टिपून एकनाथरावांना विचारलं, "हम समझे आप बदली होके नांदेड गए. सायन्ना जाते टैम भी आपकु याद करे. अब किधर रैते?"

समोरच आमची बिल्डिंग होती, आणि एकनाथरावांच्या गॅलरीत त्यांचाच इस्त्रीला द्यायचा शर्ट वाळत होता.

"वो सामनेवाली बिल्डिंग, अम्मा," सुमित बोट दाखवून म्हणाला. "शुरू से यहीं. तीसरा माला."

तिने तिकडे पाहिलं. मग गिरणीमागच्या आपल्या बस्तीकडे पाहिलं. तिथून ती गॅलरी दिसते.

"इत्ता पास?" ती म्हणाली.