मागच्या दाराशी उभी

बायको गेल्यापासून घरात बसवत नाही, म्हणून परवा मँचेस्टरला म्हाताऱ्यांसाठीच्या सकाळच्या सिनेमाला गेलो. सगळी पिकली डोकी, तरुण एक नाही. पॉपकॉर्नचा वास आला आणि जुने रविवार आठवले.

पूर्वी रविवारी इथली आपली देशी माणसं असंच थेटर भाड्यानं घेऊन हिंदी सिनेमा लावायची. तान्ह्या पोरांपासून आज्यांपर्यंत सगळे यायचे. एकदा आमचा पोरगा रडायला लागला, तर ही त्याला घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली.

मी म्हटलं, "आण इकडे, तू बस."

"तुमच्याकडे तो जास्तच भोकाड पसरतो. बघा तुम्ही. हा मोठा झाला की बघेन बसून."

पोरगा मोठा झाला. तोवर घरात व्हिडिओ आला, थेटर सुटलं.

परवा मी सारखा मागं वळून दाराकडं बघत होतो. मागची गोरी म्हातारी वैतागली, "कुणी यायचंय का?"

"नाही," म्हटलं, आणि अर्ध्यातून उठून आलो.