ओढ्याकाठची बारा पावलं

आमच्या मोठ्या भावजींच्या शेताला कुणी नावं ठेवली असती, तर ते त्या माणसाशी जन्मभर बोलले नसते. बांधावर गवताची काडी दिसली की त्यांच्या कपाळाला आठ्या. नांगर थेट ओढ्याच्या काठापर्यंत घालायचे आणि वर ऐकवायचे की जमीन पडीक ठेवणं आळशांना शोभतं.

त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आमचं माशांचं तळं. ओढ्याचं पाणी पाटानं तळ्यात येतं. लागोपाठ दोन वर्षं मोठा पाऊस झाला आणि भावजींच्या शेतातलं खत, माती, सगळं वाहून तळ्यात आलं. दोन्ही वेळा पाणी शेवाळानं हिरवंगार झालं आणि चार दिवसांत मासे मरून तरंगायला लागले. उन्हानं मेले, असं भावजींनी परस्पर ठरवून टाकलं. नवरा थोरल्या भावापुढे तोंड उघडेना. तिसऱ्यांदा असं झालं तर तळं बुजवायचं आणि शहरात नोकरी धरायची, एवढं मात्र त्यानं मला बजावलं. मला ते तळं सोडायचं नव्हतं. उन्हात उभी राहून मी ते खणून घेतलं होतं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

शेवटी मीच गेले. शेतीखात्यातल्या बाईंनी समजावलेलं भावजींना सांगितलं: ओढ्याच्या कडेनं गवता-झुडपांचा पट्टा राखायचा, मग पाणी त्यातून पसरत, रेंगाळत जातं आणि माती, खत तिथंच अडतं. भावजींनी ऐकून घेतलं आणि बैलासारखी मान हलवून निघून गेले. मी चरफडत घरी आले. पंधरा दिवसांनी बघते तर ओढ्याकाठची बारा पावलं जमीन त्यांनी नांगरायची सोडली होती आणि जाऊबाई तिथं गवताचं बी फेकत होत्या. त्यांच्या शेतातली सगळ्यात कसदार जमीन ती.

वर्षभरात गवत गुडघ्याला लागलं. मी निश्चिंत झाले, आणि पहिल्याच बऱ्या सरीला तळं पुन्हा गढूळ. छत्री घेऊन ओढ्यानं वर गेले. गवत झकास होतं, पण मधून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पार काठाला भिडलेल्या. मोकळी जागा फुकट जाऊ द्यायची नाही, ही भावजींची हाडाची सवय. नांगरताना प्रत्येक फेरीला ते ट्रॅक्टर त्या पट्ट्यावर वळवत होते. पाणी गवताच्या वाटेला न जाता चाकोऱ्यांतून सुसाट ओढ्यात पडत होतं.

भावजींना बोलावून आणलं आणि दाखवलं. भांडायची माझी पूर्ण तयारी होती. ते भिजत उभे राहिले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून कुदळ, घमेलं घेऊन स्वतः चाकोऱ्या बुजवल्या, त्यावर गवताचे ठोंब लावले. ट्रॅक्टर वळवायला आतल्या चार ओळींचं उभं पीक कापलं. पट्ट्याच्या कडेनं खुंट्याही ठोकल्या. बहुधा स्वतःचाच भरवसा नसावा.

महिन्याभरानं तसाच मोठा पाऊस आला, दोन दिवस कोसळला. पुढचे चार दिवस मी तळ्यावरून हलले नाही. भावजीही रोज सकाळी यायचे, काठावर उभे राहायचे आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून जायचे. पाचव्या दिवशी मी खाद्य टाकलं आणि पाणी खळबळलं. मासे झुंडीनं वर आले, एकमेकांना ढकलत खायला लागले. मला रडू आवरेना.

"भावजी, तुमच्यामुळे राहिलं हे तळं," मी म्हटलं.

ते पाण्याकडेच बघत होते. "आधीचे दोन वेळा मेले, तेही माझ्यामुळेच."

हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी कधीची टपून बसले होते. काय काय सुनवायचं तेही पाठ होतं. पण मी खाद्याची टोपली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता तुम्ही टाका."