कच्च्या टाक्यांवरचे मास्तर

मास्तरांनी चाळीस वर्षं कोट शिवले आणि तेवढीच वर्षं दुसऱ्यांच्या शिलाईला नावं ठेवली. त्यामुळे छातीत कळ येऊन इस्पितळात पडल्यावर, हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात हे ऐकूनही स्वारीने सर्जनबाईंना आधी विचारलं काय, तर, "चीर केवढी देणार?"

"चार बोटं," बाई म्हणाल्या. "छातीचं हाड कापायचं नाही. बरगड्यांच्या फटीतून मुख्य रक्तवाहिनीला बायपास करू. उरलेल्या दोन्हींत पाच दिवसांनी मनगटातून तार घालून स्टेंट बसवू. दोन्ही मिळून एक काम आहे, मास्तर."

चीर दिली, बायपास झाला, कळ थांबली. झालं, मास्तर शेफारले. स्टेंटच्या आदल्या दिवशी हट्टाने 'स्वतःच्या जबाबदारीवर जातो' या कागदावर सही ठोकून घरी आले आणि दुसऱ्या आठवड्यात दुकानात हजर. गिऱ्हाइकाने बाहीचं माप द्यायला यावं आणि मास्तरांची बरगडी बघून जावं, असा तिथला कारभार. सदरा वर करून म्हणायचे, "ही बघा शिलाई. याला म्हणतात हात."

इस्पितळातून फोन यायचे. "आता काय राहिलंय? ठणठणीत आहे मी," असं ते ठणकावून सांगायचे. ठणठणीत माणूस दुकानाचा जिना चढताना मध्येच थांबून चपलेचा अंगठा तपासायचा. काज करायला शेजारी बसणारी बायको ते रोज बघायची.

एकदा वकीलसाहेब ट्रायलला आले. काळ्या कोटावर कच्चे टाके पांढरे दिसत होते. आरशात वळून बघत ते म्हणाले, "फक्कड बसलाय. असाच द्या, उद्या सुनावणी आहे."

मास्तरांचं डोकं फिरलं. "खांदा बसला म्हणजे कोट झाला? हात वर केलात की भर कोर्टात बाही लोंबेल. अर्धं काम या दुकानातून बाहेर जात नाही, साहेब. आजवर गेलं नाही."

"सर्जनबाई भलत्याच ढिल्या म्हणायच्या," बायको काजावरची नजर न काढता म्हणाली. "त्यांनी जाऊ दिलं."

वकीलसाहेबांना काही कळलं नाही. मास्तरांना कळलं. त्यांनी कोट उतरवून घेतला, टांगला, उगाच त्याची कॉलर झटकली. मग हळूच बायकोजवळ येऊन बसले.

"अगं, पहिल्या वेळी झोपवलं होतं," ते पुटपुटले. "या वेळी जागं ठेवतात म्हणे. तार आत जाते आणि माणूस डोळे उघडे ठेवून पडलेला. मला भीती वाटते."

"मला तीन आठवडे वाटतेय," ती म्हणाली.

मास्तर टेप बोटांभोवती गुंडाळू लागले. मग म्हणाले, "साहेब, कोट पुढच्या आठवड्यात. आणि तू तो फोन लाव."

"सकाळीच लावलाय," तिने दोरा दाताने तोडला. "बाईंनी परवा नऊला बोलावलंय. ट्रायल नाही म्हणाल्या, या वेळी पूर्ण करूनच सोडणार."