अकोल्याचे प्रश्न, हॉलंडची उत्तरं आणि मधली मी

मला काळजी करायला कारण लागत नाही. गाडी उशिरा आली तर मी घाबरतेच, पण वेळेवर आली तरी घाबरते, कारण मग पुढे काहीतरी नक्की बिघडणार असं वाटत राहतं. त्यामुळे 'वऱ्हाडात पाच दिवस, सोबत एक परदेशी पाहुणी' असं ऑफिसात ठरलं, तेव्हा मी कपड्यांच्या आधी औषधांची पिशवी भरली. आई म्हणाली, "अगं, अमरावती-अकोल्याला चालली आहेस, हिमालयात नाही." तिचं बरोबर होतं, पण हिमालयात मला दुभाषी म्हणून कोणी पाठवलं नसतं.

कार्यक्रम थोडक्यात सांगते. आमची संस्था तरुण नोकरदारांच्या जोड्या लावते. तिकडची एक व्यक्ती दोन महिने इथे काम करते, मग इथली तिकडे जाते, आणि दोघी एकमेकींच्या घरी राहतात. सुरुवातीला पाच दिवस नुसतं भेटायचं, काम पाहायचं, घर पाहायचं. पाचव्या दिवशी दोघींनी हो म्हणायचं. एकीने जरी नाही म्हटलं, तरी जोडी मोडली आणि दोघींचीही संधी गेली.

या वेळची जोडी अशी: हॉलंडची लोटे, कापड तपासणीतली इंजिनिअर, उंच, सडपातळ आणि कमी बोलणारी. आणि अकोल्याची नाझनीन, नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात तेच काम करणारी. नाझनीन आठवडाभर अमरावतीत खोली घेऊन राहते आणि सुट्टीला अकोल्याला अम्मीकडे जाते. तिला इंग्रजी चांगलं कळतं, पण बोलायची वेळ आली की जीभ अडते. म्हणून मधे मी होते. नाझनीनला वडील नाहीत, त्यामुळे घरातून हो म्हणणाऱ्या एकट्या अम्मी होत्या, आणि मी फोनवर रोज 'काळजी करू नका' म्हणत असूनही त्यांनी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी बडनेऱ्याला उतरता येतं. अमरावती शहर तिथून जवळच आहे, बाहेर ऑटोवाले उभेच असतात, पण भाडं आधी ठरवून घ्या. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हवाच. सकाळी हुडहुडी भरते आणि दुपारी तेच स्वेटर हातात घेऊन फिरावं लागतं. लोटेने ऑटोतून बाहेर पाहत एवढंच विचारलं, की या बाभळींना पांढरं काय लागलंय. कापसाच्या गाड्या रस्त्याने जाताना फांद्यांना पुंजके अडकतात, हे मी तिला सांगितलं. ती जरा वेळ बघत राहिली आणि मला हायसं वाटलं. सुरुवात तर चांगली झाली होती.

नाझनीन आम्हाला न्यायला हॉटेलवर आली तीच हातात पुडा घेऊन. "गिला वडा हाय," ती म्हणाली. "अमरावतीले येऊन हा नाही खाल्ला, तं मंग काय खाल्लं?" मऊ वडा, वर दही आणि चटणी. नाव ऐकून कंटाळवाणं वाटतं, पण मी दोन खाल्ले. तुम्ही गेलात तर संध्याकाळी जा, सकाळी मिळेलच असं नाही. आम्हाला नाझनीनच्या ओळखीने मिळाला.

दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठ. नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात औद्योगिक वसाहत येते. तपासणी विभागाचे वानखडे साहेब दारातच उभे होते. पन्नाशीचे, कपाळावर चष्मा, शर्टाच्या खिशात कैची. लोटेकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहून ते मला म्हणाले, "इतक्या दूरून आली ही, तिकडं कापड नाही बनत का? दोन महिन्यात काय शिकन? कामात लुडबुड नाही केली म्हंजे झालं."

लोटे माझ्याकडे पाहत होती. मी इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही आलात याचा त्यांना फार आनंद झाला आहे."

मग लोटेने तपासणीचं टेबल पाहिलं, वरचा दिवा पाहिला, हात कापडावर धरला आणि सरळ म्हणाली, "हा प्रकाश वाईट आहे. याच्याखाली निम्मे दोष दिसणारच नाहीत." वानखडे साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "तुमचा विभाग त्यांना आवडला. प्रकाशयोजनेबद्दल त्यांना विशेष उत्सुकता आहे."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि चहा मागवला. नाझनीन माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

लोक म्हणतात पुणेकर फटकळ. पण आमचा फटकळपणा दारावरच्या पाटीपुरता असतो. समोर माणूस उभा राहिला की आम्ही 'बघू या, कळवते' म्हणतो आणि कधीच कळवत नाही. मी तर त्यातलीही भित्री. दोन्हीकडचं बोलणं गाळून, साखर घालून पुढे करत होते आणि मनात म्हणत होते की माझ्यामुळेच हे सगळं सुरळीत चाललंय. दिवसभर सगळे सगळ्यांना छान छान म्हणत राहिले, आणि संध्याकाळपर्यंत लोटे बोलायचीच बंद झाली.

तिसऱ्या दिवशी नाझनीनला रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि लोटे भाड्याची गाडी करून कौंडण्यपूरला गेलो. गाडी आदल्या दिवशीच ठरवा. एसटी आहे, पण परतीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. रस्त्याला संत्र्यांचे ढीग लावून बसलेले लोक भेटतात, गाडी थांबवून घ्याच. गावात पोचलं की वर्धा नदी, घाट आणि वर देऊळ. जत्रेच्या दिवसांत म्हणे पाय ठेवायला जागा नसते, आम्ही गेलो तेव्हा घाटावर धुणं धुणाऱ्या दोघी बायका आणि आम्ही, एवढेच. हे रुक्मिणीचं माहेर, इथून ती पार द्वारकेला गेली, असं मी लोटेला सांगत होते. तिने मधेच विचारलं, "तिच्या आईला विचारलं होतं का कोणी?"

मी पिशवीतलं एक संत्रं तिच्या हातात दिलं. मग ती संत्र्याचं साल काढत शांतपणे म्हणाली, "मला वाटतं मी दोन महिने इथे राहू शकणार नाही. माणसं चांगली आहेत. पण सगळे सगळं छान आहे म्हणतात. मी दिव्याचं बोलले तर ते गृहस्थ हसले आणि चहा दिला. जिथे कोणी मनातलं बोलत नाही, तिथे मी काम कसं करू? परवा मी नाही म्हणणार आहे."

नदीला पाणी बेताचं होतं आणि मला उगाच पाय घसरल्यासारखं झालं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की बाई गं, इथे सगळेच मनातलं बोलतात, मीच ते तुझ्यापर्यंत येऊ देत नाहीये. पण जीभ उचलली नाही. परतताना सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर नाझनीनची नवी चाकांची बॅग होती. तिने आदल्या रात्री मला तिचा फोटो काढून पाठवला होता आणि विचारलं होतं, "ताई, तिथल्या थंडीले ह्या बॅगीत दोन स्वेटर मावतीन ना?" मी 'हो' पाठवलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

चौथ्या दिवशी तिघी एसटीने अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरमार्गे दोन-अडीच तास लागतात. खिडकी शक्यतो सावलीच्या बाजूची धरा, हिवाळ्यातही दुपारचं ऊन चटका देतं. नाझनीन लोटेला तुरीची शेतं दाखवत होती, इंग्रजीतले तुटक शब्द जोडून. लोटे ऐकत होती, मान हलवत होती. मी दोघींच्या मागच्या सीटवर बसून नखं कुरतडत होते. नाझनीनला सांगावं तर तिचा चेहरा पाहवणार नाही, न सांगावं तर उद्या सगळ्यांसमोर तिचं तोंड उतरणार. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेपायी भीक दुसरीच मुलगी मागणार होती.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात अम्मीचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, घर त्याच्याच मागे. अम्मी एका रजईला टाके घालत बसल्या होत्या. उठल्या, लोटेचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "किती वाळकी हाय ही. माय-बाप कुठी राह्यतात? ही त्यायच्याजवळ काहून नाही राह्यत? लग्न काहून नाही केलं?"

"आई तुमच्या घरच्यांची चौकशी करत आहेत," मी लोटेला सांगितलं.

"ठीक आहेत," लोटे म्हणाली.

जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि सोल्यांची आमटी, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची. हिवाळ्यात वऱ्हाडात गेलात आणि कोणाच्या घरी जेवायला बोलावलं, तर ही सोडू नका, हॉटेलात अशी मिळत नाही. लोटेने दोन घास खाल्ले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला म्हणाली, "चव चांगली आहे, पण फार तिखट आहे. मला हे खाता येणार नाही."

अम्मींनी विचारलं, "काय म्हन्ते?"

"फार चविष्ट आहे म्हणते," मी म्हणाले.

अम्मींनी खुशीने आणखी दोन पळ्या आमटी तिच्या ताटात वाढली. लोटे त्या ताटाकडे पाहतच राहिली. तेवढ्यात नाझनीनने हातातली भाकरी खाली ठेवली.

"ताई, थे असं नाही म्हनली," ती म्हणाली. "तिले तिखट लागून राह्यलं. अन् अम्मीनं लग्नाचं इचारलं, थेही तुमी सांगितलं नाही. वानखडे सायबाचं तं कायच नाही सांगितलं."

"मग तू आधी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मले वाटलं, तुमच्या संस्थेचा तसा नियम असन."

लोटेला शब्द कळत नव्हते, पण माझा चेहरा कळला असावा. तिने नाझनीनलाच इंग्रजीत विचारलं, काय झालं. नाझनीन अडखळत, पण एकही गोष्ट न सोडता बोलली. वाळकी, लग्न, लुडबुड, सगळं. मला वाटलं आता लोटे उठून जाणार. तिने ताट थोडं पुढे सरकवलं आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसली.

"आणि दिव्याचं?" तिने मला विचारलं. "ते तरी सांगितलंस का?"

मी मान हलवली. नाही.

अम्मींनी दह्याची वाटी आणून लोटेसमोर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेटा, आता मी जे इचारते, थे जसंच्या तसं सांगजो. माही पोरगी इच्या घरी बिमार पडली, रडली, तं ही काय करन?"

नेहमीची मी असते तर सांगितलं असतं, 'मुलीची काळजी घ्या अशी आईंची विनंती आहे.' मी शब्दाला शब्द ठेवला.

लोटेने बराच विचार केला. "मी एकटी राहते," ती म्हणाली. "सकाळी लवकर जाते, संध्याकाळी येते. ती आजारी पडली तर मी डॉक्टरकडे नेईन, ते मला येतं. ती रडली तर काय करायचं, ते मला माहीत नाही. मला रडणाऱ्या माणसांजवळ कसं बसायचं ते जमत नाही."

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. जगातली कुठली आई हे ऐकून पोरीला पाठवील? अम्मींनी बाजूची रजई मांडीवर ओढून अर्धवट राहिलेला टाका पूर्ण केला, दोरा दातांनी तोडला.

"ही खोटं नाही बोलत," त्या म्हणाल्या. "सगळे म्हन्तात फिकर नका करू, फिकर नका करू. तू बी चार दिवस फोनवर तेच म्हनत होती. असं कोनी म्हनलं का मले जास्तच फिकर लागते. इनं सच सांगितलं. तिले म्हन, माही पोरगी रडत नाही, भांडते. जवळ बसाची गरज नाही."

"अम्मी!" नाझनीन म्हणाली.

लोटेने तेही ऐकलं आणि म्हणाली, भांडण तिला जमतं.

मग नाझनीनने तिथूनच वानखडे साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. दिव्याचं जसंच्या तसं सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. पलीकडून साहेबांचा आवाज आला, "अरे, मी कवापासून हेच बोंबलून राह्यलो, वरचे आयकत नाही! तिले म्हना, सोमवारी ये अन् थ्या लोकायच्या तोंडावर सांग. हे पयलेच काहून नाही सांगितलं?"

त्याचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. कोणी दिलं नाही, एवढी माझी भीड ठेवली.

पाचव्या दिवशी दोघींनी हो म्हटलं. लोटे तिथेच राहिली आणि मी एकटी बडनेऱ्याहून गाडीत बसले. पिशवीत संत्री, अम्मींनी बांधून दिलेला ठेचा, आणि औषधांची पिशवी न उघडलेली. घरी आईने विचारलं, कसा झाला प्रवास. मी 'छान' म्हणणार होते, पण खाली बसून सगळं सांगितलं. वऱ्हाडी बोलणं सुरुवातीला कानाला टोचतं खरं. पण तिथल्या माणसाने 'जेवून जा' म्हटलं तर तो खरंच जेवायला घालणार असतो, आणि 'पटलं नाही' म्हटलं तर विषय तिथे संपतो. मला हे शिकवायला हॉलंडहून कोणीतरी यावं लागलं, याची लाज वाटली. काळजी करायची सवय मात्र गेली नाही, ती बहुतेक जाणारही नाही.

दोन महिन्यांनी नाझनीन लोटेबरोबर निघाली. विमान सुटल्याचा तिचा निरोप आला त्या दुपारी मी ऑफिसात होते. पाच मिनिटांत अम्मींचा फोन. मागे रस्त्यावरचा गलका ऐकू येत होता, म्हणजे त्या दुकानातच होत्या.

"बेटा, तुले काय वाटते? बरी राहीन ना थे तिथी?"

'अजिबात काळजी करू नका' हे जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मला माहीत नाही, अम्मी," मी म्हणाले. "मलाही भीती वाटतेय."

मग त्यांनी मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मले एकलीलेच भेव लागून राह्यलं."